गोदाम कुठे घ्यावं, सांगलीत की साताऱ्यात?

माल हळद किंवा बेदाणा असेल तर सांगलीच. सौदे इथे निघतात, शीतगृहं जवळ आहेत, मिरज जंक्शन शेजारी. मात्र भाडं विचारण्याआधी पूररेषा विचारा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. भिजलेली हळद कवडीमोल होते. त्यामुळे नदीकाठच्या गावभागातल्या (जुन्या सांगलीतल्या) स्वस्त गाळ्यापेक्षा कुपवाडकडची उंचावरची जागा परवडते.

साताऱ्याला पुण्याचा महामार्ग दारात आहे, अंतर साधारण 110 किलोमीटर. हवा छान, घरं शांत. पण त्याच रस्त्याने तरुण कामगार पुण्याला निघून जातात. सुटे भाग, पॅकिंग असा माल असेल तरच इथे या.

गुन्ह्यांचं म्हणाल, तर कुलूप फोडणाऱ्यापेक्षा उधारी बुडवून पसार होणारा जास्त महागात पडतो. सांगलीच्या द्राक्ष पट्ट्यात हे दुखणं जुनंच. एक दलाल पळाला की सगळ्या पेठेची उधारी आखडते आणि प्रामाणिक माणसालाही रोखीनेच माल उचलावा लागतो. नव्या गिऱ्हाईकाचं जीएसटी खातं तपासा, पहिले दोन-तीन व्यवहार रोखीने करा. आणि घरफोडीचा विमा सहसा कुलूप-दार फोडल्याच्या खुणा असतील तरच पैसे देतो. बुडीत उधारी त्यात येत नाही.