व्हॉट्सॲपची ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ सोय: साताऱ्यातल्या एका सोसायटीतला अनुभव

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर सर्वांच्या फोनवरून काढून टाकण्याची सोय २०१७ मध्ये आली, तेव्हा त्यासाठी जेमतेम सात मिनिटे मिळत असत. २०२२ पासून ही मुदत दोन दिवसांहून अधिक झाली आणि २०२३ पासून पंधरा मिनिटांच्या आत मजकूर दुरुस्तही करता येतो. सांगितलेले काम या सोयी चोख करतात. मात्र वादग्रस्त मत मांडताना त्यांच्या भरवशावर राहू नये, असे मला अनुभवाने सांगावेसे वाटते.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या शाहूपुरीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर डीजेच्या आवाजावरून चर्चा चालू होती. रात्री अकराच्या सुमारास, खिडकीच्या काचा हादरत असताना, मी लिहिले की या मंडळातल्या पोरांना वर्षातून दहा दिवसच काम सुचते, त्यांना वर्गणी कशाला द्यायची. आठ मिनिटांनी मला ते खटकले आणि मी तो मजकूर काढून टाकला. सकाळी शेजारचे काका दारात उभे होते. त्यांनी फोन पुढे केला. त्यात माझ्या वाक्याचा स्क्रीनशॉट होता. “ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना?” एवढेच त्यांनी विचारले. त्यांचा मुलगा त्याच मंडळात आहे. २०२१ मध्ये माझ्या सासऱ्यांसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवायला तो रात्रभर रांगेत थांबला होता. काकांनी त्याचा उल्लेखही केला नाही आणि मला उत्तर देता आले नाही.

दोष माझ्या घाईचा होता. तरीही ही सोय वापरणाऱ्याने तिच्या मर्यादा नीट ओळखल्या पाहिजेत: मजकूर काढला तरी तो काढल्याची खूण ग्रुपवर राहते आणि ती पाहून लोकांचे कुतूहल अधिकच वाढते, ग्रुपमधल्या कोणी स्क्रीनशॉट घेतला तर पाठवणाऱ्याला त्याची सूचना मिळत नाही, आणि एकदा पुढे गेलेली प्रत आपल्या हातात उरत नाही. म्हणून या सोयीला मी पाचपैकी तीन तारे देते.

आपल्या जिल्ह्यात तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली, त्यात एकाचा जीव गेला आणि जिल्ह्यातले इंटरनेट बंद ठेवावे लागले. कायद्याच्या बाबतीतही पुष्कळांचा गैरसमज आहे. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, म्हणून आता काहीही लिहावे, असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ प्रमाणे धर्म, जात, भाषा अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि यात इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूरही येतो.

याच ॲपमधली एक साधी सोय मला खरी उपयोगाची वाटली. २०२२ च्या अखेरीस आलेल्या, स्वतःलाच संदेश पाठवण्याच्या या सोयीला मी पूर्ण पाच तारे देते. रात्रीचा राग तिथे लिहून ठेवावा आणि सकाळी चहा घेताना वाचावा. त्या सकाळी काकांची माफी मागून आल्यावर मी माझे मत आधी तिथेच नव्याने लिहिले. ‘पोरांना काम सुचते’ हे वाक्य गाळले. त्याऐवजी निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक वाजवण्यास बंदी आहे आणि वर्षातल्या मोजक्या दिवशीच सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, हे लिहिले. सोसायटीत दोन तान्ही बाळे आणि एक हृदयरोगी आहेत, हेही लिहिले. आवाज कमी व्हावा हे माझे मत तसूभरही बदलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून मी ते ग्रुपवर पाठवले. पहिले उत्तर काकांच्या मुलाचे आले. स्पीकरची तोंडे इमारतीकडून रस्त्याकडे वळवतो, असे त्याने लिहिले होते, आणि संध्याकाळी त्याने ती वळवलीही.