49 एचपी की 55? आमच्याकडं तर इंजिनापेक्षा डीलरच नडला

हल्ली कोणी नवीन ट्रॅक्टर घ्यायला निघालं की प्रश्न ठरलेला, 50 एचपीच्या आतलं घेऊ की वरचं. गिअर किती, लिफ्ट किती किलो उचलते, स्टेअरिंग कसलं, हे सगळं पत्रकात छापलेलं असतं आणि सेल्समन तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्यात मी जात नाही. आमच्या खळ्यात दोन्ही प्रकार उभे आहेत म्हणून चार गोष्टी सांगतो. दादानं (मोठा भाऊ, शेती वाटून घेतलीय पण खळं एकच आहे) 2023 मधी 55 च्या घरातलं घेतलं, मी 2025 च्या दसऱ्याला 49 वालं. माझं तो नेतो, त्याचं मी नेतो, त्यामुळं दोन्हींचे लाड आणि दोन्हींचे नखरे माहिती आहेत. कंपन्यांची नावं घेणार नाही, कारण दादाच्याच कंपनीचं ट्रॅक्टर माझ्या साडूकडं शिरपूर भागात आहे आणि तो एकदम खूश आहे, म्हणजे नाव घेऊन तुमचा काही फायदा नाही.

आधी हा 50 चा आकडा कुठून आला ते थोडक्यात. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागले, ट्रेम-4 म्हणतात ते. त्यामुळं त्या गटात सीआरडीआय इंजिन आलं (कॉम्प्युटर सांगेल तेवढं डिझेल भयंकर प्रेशरनं सोडणारं), सेन्सर आले, इंजिनाचा कॉम्प्युटर आला आणि काही मॉडेलला सायलेन्सरच्या लाईनमधी काजळी पकडणारा डीपीएफ आला. खालचा गट तेव्हा त्यातून सुटला, म्हणून तर बाजारात साडेएकोणपन्नास वगैरे आकड्यांची इतकी गर्दी दिसते. म्हणजे पाच-सहा एचपीचा फरक कागदावर बारीक दिसतो पण दोन वेगळ्या जातीची इंजिनं आहेत, एक आपला मिस्तरी झाडाखाली पान्यानं खोलतो आणि दुसऱ्याला लॅपटॉप लावल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

ताकदीचं म्हणाल तर दादाचंच भारी, त्यात वाद नाही. कापसाच्या पऱ्हाट्या निघाल्यावर आमच्या काळ्या चिकट रानात दोन फाळी पलटी नांगर घातला की माझं दम टाकतं, त्याचं गाणं म्हणत जातं. केळीची भरलेली ट्रॉली बागेतून रस्त्यावर काढताना, विशेषतः पाणी चालू असलेल्या बाजूनं, त्याचं एकदम निवांत निघतं आणि मला खालचा गिअर टाकून देवाचं नाव घ्यावं लागतं. सात फुटी रोटाव्हेटर त्यानं लावलाय, मी सहा फुटीवर समाधान मानलंय. डिझेलचं मी काही मोजमाप ठेवलेलं नाही, पण एकच पट्टा दोघांनी रोटरनं मारला तर कॅन साधारण सारखाच रिकामा होतो आणि त्याचं काम आधी उरकतं, असं मला तरी वाटतं. आणि थंडीत सकाळी सेल्फ मारला की दादाचं एका झटक्यात चालू, धूर नाही काही नाही, माझं आधी दोन ढेकर देतं मग चालू होतं.

आता त्याचे नखरे. एक म्हणजे डिझेल. आपल्याकडं पंपावरून कॅनमधी आणायचं, खळ्यात ड्रमात ओतायचं, मग नळीनं टाकीत, ही सवय जुनी आहे. माझ्या साध्या पंपाला थोडाफार कचरा, थोडं पाणी गेलं तर फिल्टर बदलला की विषय संपतो. सीआरडीआयचा प्रेशर पंप आणि इंजेक्टर मात्र इतके नाजूक की पाणी गेलं तर बिल बघूनच घाम फुटेल. दादानं आता वेगळा कॅन ठेवलाय, तोंडाला जाळी आणि वरून कापड बांधलेलं, त्याला घरातलं कोणी हात लावलेला चालत नाही. दुसरं म्हणजे डीपीएफ. केळीत फवारणीला कमी रेसवर दिवसभर फिरलं की काजळी साठते, लाईट लागते, मग ट्रॅक्टर एका जागी उभं करून रेस चढवून ती जाळायची. उभ्या उभ्या डिझेल जातं ते जातंच पण सायलेन्सर भट्टीवाणी तापतो, आणि बाजूला वाळलेली पानं किंवा पऱ्हाट्यांचा ढीग असला तर तिथून हलायची सोय नाही. हे सगळं पण सहन होण्यासारखं आहे, माणूस सवय करून घेतो.

सहन झालं नाही ते वेगळंच. मे महिन्याचा शेवट, बागायती कापूस लावायची घाई, ऊन असं की दुपारी बोनेटवर भाकरी भाजेल, आणि दादाच्या ट्रॅक्टरनं रेस घेणंच सोडलं. चालू होतं, चालतं, पण पिवळी लाईट लागलेली आणि अॅक्सिलेटर कितीही ओढा इंजिन आपलं बैलगाडीच्या चालीनं. टोल फ्रीला फोन केला, मुलगी अगदी गोड बोलली, तक्रार नंबर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या शोरूममधून पोराचा फोन, भाऊ तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी आला असेल तो सांगा. दादा म्हणे अरे माणूस तर अजून आला नाही. तो म्हणे माणूस निघालाच आहे भाऊ, पण चोवीस तासांत तक्रार बंद नाही झाली तर वरून आम्हाला बोलणी बसतात, तुम्ही ओटीपी द्या, काम आपलंच आहे. दादा भिडस्त माणूस, दिला. पाच मिनिटांत मेसेज, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या. आणि ट्रॅक्टर तिकडं बांधावर उभं.

माणूस काही निघालेला नव्हता. लॅपटॉपवाला मेकॅनिक त्यांच्याकडं एकच, तो सगळ्या तालुक्यांत फिरणार, आज रावेर उद्या पाचोरा. परत टोल फ्रीला फोन केला तर कॉम्प्युटरवर तक्रार बंद दिसते, नवीन नोंदवा म्हणे. नवीन नोंदवली की परत नवीन ओटीपी, परत तोच पोरगा. शेवटी दादानं भाड्यानं दुसऱ्याचं ट्रॅक्टर लावून रान तयार केलं, स्वतःचं ट्रॅक्टर असून, तेही हप्ता चालू असलेलं. मेकॅनिक उगवला तेव्हा शेजाऱ्याचा कापूस टोचून झाला होता. बिघाड काय निघाला, तर इंजिनाजवळच्या एका वायरीच्या सॉकेटमधली पिन हादऱ्यानं ढिली झालेली. त्यानं लॅपटॉप लावला, कोड वाचला, पिन दाबली, टाय मारला, चहाचं आधण उकळायच्या आत काम झालं. म्हणजे ट्रॅक्टर खराब होतं असं मी म्हणणारच नाही. पण इतक्या बारीक गोष्टीसाठी ज्याच्या तोंडाकडं बघावं लागतं तो माणूस तक्रार मिटवण्यात हुशार आणि बिघाड मिटवण्यात गायब, हे डोक्यात बसलं ते बसलं. वॉरंटी असल्यामुळं बाहेरच्या मिस्तरीला हात पण लावू देता येत नाही, ती वेगळी अडकण.

म्हणून माझ्या वेळेला मी उलटं केलं, ट्रॅक्टर नंतर बघितलं, आधी डीलर बघितला. 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, टायर-ट्यूब आणि बरेच सुटे भाग 18 वरून 5 वर, नेमकी घटस्थापना होती, त्यामुळं शोरूममधी जत्रा भरलेली आणि सेल्समनला बोलायला फुरसत नाही. ते बरंच झालं. मी सरळ मागं पार्टच्या काउंटरवर गेलो आणि मॉडेलचं नाव सांगून डिझेल फिल्टर, क्लच प्लेट आणि मागच्या एक्सलचं ऑइल सील मागितलं. एका ठिकाणी पोरगं म्हणालं मागवावं लागेल. तालुक्याच्या डीलरकडं, ज्याचं शोरूम म्हणजे पत्र्याचं शेड आहे, तिथल्या म्हाताऱ्या काकांनी न बघता फळीवरून तिन्ही काढून समोर ठेवले, धूळ झटकून. माझा निम्मा निर्णय तिथंच झाला.

माझं ट्रॅक्टर काही सोन्याचं नाही. पहिल्या सर्व्हिसच्या आतच पॉवर स्टेअरिंगच्या पाईपातून ऑइल झिरपायला लागलं, लिफ्ट अवजार उचलून धरताना थरथरायची, आणि डॅशबोर्डचं डिझेल मीटर अजूनही मनाला येईल ते दाखवतं. कागदाच्या बाबतीत तर तालुक्याचा डीलर एकदम ढिला, पासिंग होऊन आरसी हातात येईपर्यंत मी वैतागलो, आणि कोटेशन हातानं लिहिलेलं, त्यात हूड (वरचं छत) आणि टॉपलिंकचे (मागं अवजार जोडायचा दांडा) पैसे आत आहेत की बाहेर हे तीनदा विचारावं लागलं. जिल्ह्याच्या शोरूमला एसी, कॉफी, डिलिव्हरीला हार-तुरे आणि फोटो, इथं पेढा पण मीच नेला. पण स्टेअरिंगचं गळतंय म्हणून फोन केला तर त्यांचा मेकॅनिक, जो दोन गावं सोडून राहतो, संध्याकाळी मोटारसायकलवर पान्यांची पिशवी अडकवून हजर, वेशीतूनच फोन, उनू भो (आलो भाऊ), चहा मांडा. पाईप बदलला, जॉब कार्डवर लिहिलं, सही घेतली आणि मग गेला. ओटीपी त्यांच्याकडं पण आहे बरं का, पण तो पाना पिशवीत टाकल्यावर मागतो.

कोणी म्हणेल एवढ्यावरून का ठरवायचं, मायलेज बघ, पीटीओ (रोटाव्हेटरसारखं अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बघ. ते बघाच. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी टेस्टिंग संस्था आहे, तिथले रिपोर्ट मिळतात, त्यात पीटीओची ताकद, डिझेल, लिफ्ट सगळं मोजलेलं असतं, पत्रकापेक्षा त्यावर विश्वास ठेवलेला बरा. पण बुदनीला डीलरची टेस्ट होत नाही. ती आपल्यालाच करावी लागते आणि ती करायची वेळ दसरा-पाडवा नाही, तेव्हा सगळेच हसून बोलतात. मे-जूनमधी जाऊन सर्व्हिसच्या दारात कोणाचे ट्रॅक्टर किती दिवसांपासून फोडून ठेवलेत ते बघा, तिथं बाकड्यावर बसलेला शेतकरी जे सांगेल ते कोणी सेल्समन सांगत नाही. किंवा तुमच्या शिवारात तेच मॉडेल कोणाकडं असेल तर त्याला एवढंच विचारा की मेकॅनिकचा नंबर तुझ्या मोबाईलमधी कोणाच्या नावानं सेव्ह आहे. माणसाच्या नावानं असेल तर चांगलं, शोरूमच्या नावानं असेल तर जरा थांबा.

घेतानाच्या दोन-तीन गोष्टी जाता जाता. वर्षभर यार्डात उभं राहिलेलं ट्रॅक्टर डिस्काउंटच्या नावाखाली गळ्यात मारतात, तेव्हा टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वॉरंटी पाच-सहा वर्षांची सांगतात पण टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते, ट्रॅक्टरवाल्याची नाही, आणि हे बिघाड झाल्यावरच कळतं. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज टाकला असेल तर पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडू नका, डीलर म्हणतो घेऊन टाका मागून बघू, मागून काही होत नाही. आणि तक्रार केली तर जॉब कार्डाचा फोटो काढून ठेवा, फारच टोलवाटोलवी झाली तर ग्राहकांसाठी 1915 नंबर आहे, दादाला मी तोच लावायला सांगितला होता पण तो म्हणे जाऊ दे, रोजचं तोंड आहे.

आता माझं मत. पंचवीस-तीस एकर एकत्र असेल, भाड्यानं नांगरटी-रोटर करायची असेल, आणि तुमच्या तालुक्यातच लॅपटॉपवाला मेकॅनिक बसत असेल, तर 50 च्या वरचं जरूर बघा, इंजिन खरंच गोड आहे, माझ्या साडूचा अनुभव तसाच आहे. पण आमच्यासारखी दहा-बारा एकर केळी-कापूस आणि शोरूम दूर असं गणित असेल तर मी 49 वालंच घ्या म्हणेन, तेही जवळच्या पत्र्याच्या शेडवाल्याकडून, दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी चालतील. प्रत्येकाचं रान वेगळं, डीलर वेगळा, तेव्हा तुमच्याकडं उलटही असू शकेल.

दादाला विचाराल तर तो अजून त्याचंच चांगलं म्हणेल. विकायचं नाव काढत नाही, आणि खरं सांगायचं तर खोल नांगरटीला मी पण त्याचंच मागून नेतो, फक्त निघायच्या आधी पिवळी लाईट लागलेली नाही ना ते बघून.