शेवटचे दिवस आयसीयूत की घरी? पप्पांच्या वेळी आम्ही काय निवडलं

ज्या ख्रिस्ती घरात आत्ता कोणी आजारी आहे आणि डॉक्टरांनी "आता फार काही हातात नाही, व्हेंटिलेटर लावायचा का ते तुम्ही बोलून सांगा" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इच्छामरण आपल्याला चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर आमच्याही घरी वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या अलीकडचा, म्हणजे मशीन नको म्हटलं तर आपण पप्पांना मारलं असं होतं का?

आम्ही वसईचे कॅथलिक. पप्पा ७९ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. आम्ही दोन्ही बघितलं, आधी सहा दिवस आयसीयू आणि मग साधारण पाच आठवडे घर, त्यामुळे दोन्हीबद्दल थोडंफार बोलू शकतो. थोरला भाऊ कुवेतला असतो, तो फोनवर एकच म्हणत होता की पैशांची काळजी करू नका, जे जे करता येईल ते सगळं करा. आईला वाटत होतं घरी न्यावं पण बोलायची हिंमत होत नव्हती, कारण घरी नेणं म्हणजे आपण हात टेकले असं तिच्या मनात.

धर्माच्या बाजूने बघितलं तर दोन्ही रस्ते मोकळे आहेत, हे मला आमच्या फादरांनी बसून समजावलं आणि मग मी स्वतःही वाचलं. ही काही आजकालची सवलत नाही. १६व्या शतकात स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डॉमिनिकन संघाचे (कॅथलिक संन्याशांचा एक संघ) धर्मपंडित होते, त्यांनी लिहून ठेवलंय की डॉक्टरांनी महागड्या कोंबड्या खायला सांगितल्या तरी जगण्यासाठी तेवढं सगळं करायलाच पाहिजे असं माणसावर बंधन नाही, साधं अन्न खाल्लं तरी तो देवाचा अपराधी नाही. तिथूनच पुढे साधारण उपाय आणि असाधारण उपाय असा फरक आला. साधारण ते करायलाच हवं, असाधारण म्हणजे ज्याचा त्रास आणि बोजा मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने फार जास्त, ते नाकारलं तर चालतं. व्हेंटिलेटर नवीन नवीन आले तेव्हा डॉक्टरांनी हाच प्रश्न पोप पायस बारावे यांना विचारला होता आणि त्यांनी १९५७च्या नोव्हेंबरमध्ये हेच उत्तर दिलं. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २२७८ मध्येही तेच आहे, की असे उपचार थांबवणं म्हणजे मृत्यू घडवणं नव्हे, तो आपल्याला अडवता येत नाही हे मान्य करणं.

माझी बायको नगरची, प्रॉटेस्टंट घरातली. तिच्याकडे एवढी परिच्छेदांची भाषा नसते. तिच्या पाळकांनी सरळ विचारलं, की बाप स्वतः काय म्हणतोय ते विचारलंत का, आई-बापाचा मान राख ही आज्ञा तिथेच सुरू होते. खरं सांगायचं तर तोपर्यंत आम्ही पप्पांना विचारलंच नव्हतं, सगळी चर्चा त्यांच्या डोक्यावरून चालली होती.

आता आयसीयू. त्याच्या विरोधात बोलायचं नाहीये मला. आजार बरा होण्यासारखा असेल, साधा न्यूमोनिया असेल, अ‍ॅक्सिडेंट असेल, तर दुसरा विचारच करू नका. आमच्या शेजारचे काका अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि आज वाडीत केळींना पाणी लावताना दिसतात. पप्पांनाही पहिल्या दोन दिवसांत तिथे फायदा झाला, छातीतलं इन्फेक्शन आटोक्यात आलं. नर्स मुली मनापासून करत होत्या. भावाच्या बाजूनेही एक गोष्ट खरी होती, आयसीयूत असताना "आपण काही कमी केलं" ही टोचणी लागत नाही, आणि ती टोचणी लांब राहणाऱ्या मुलाला जास्त लागते.

पण एक गोष्ट मला तिथे सहन झाली नाही आणि माझा निर्णय त्याच गोष्टीवर झाला. पप्पा रात्री मास्क ओढायचे, नाकातली नळी ओढायचे, म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधले होते. कारण बरोबर होतं, तिसऱ्या रात्री त्यांनी नळी खरंच उपटली होती. आम्हाला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं भेटायला मिळायचं. चौथ्या संध्याकाळी आई त्यांच्या कानाशी 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला लागली आणि पप्पा क्रूसाची खूण करायला उजवा हात उचलायला बघत होते. तो चार बोटं वर जायचा आणि पट्टी ताणली की खाली पडायचा. परत वर, परत खाली. मी सिस्टरला विचारलं, तिने सोडला पण, आम्ही होतो तेवढा वेळ. बाहेर येताना तिला परत बांधावा लागला आणि पप्पांनी स्वतःहून हात दांड्याजवळ नेऊन ठेवला, म्हणजे त्यांना सवय झाली होती.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला सांगतो की तू म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील, दुसरा कोणी तुला बांधेल आणि तुझी इच्छा नाही तिथे नेईल. तो संदर्भ पेत्राच्या हौतात्म्याचा आहे हे मला ठाऊक आहे. तरी त्या रात्री घरी ट्रेनने येताना डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. दुसऱ्या दिवशी पप्पांना विचारलं, घरी जायचं? त्यांनी दोनदा मान हलवली.

घरी आणणं सोपं नाही, हे आधीच सांगतो. फॉर्मवर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असं लिहिलेलं असतं आणि सही करताना हात थरथरतो, भावाला तर तो शब्द ऐकूनच पाप वाटलं. जमलं तर डॉक्टरांशी नीट बोलून साधा डिस्चार्ज आणि औषधांची चिठ्ठी मागा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं मशीन) भाड्याने मिळतो पण तो विजेवर चालतो आणि आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून एक भरलेला सिलिंडर बाजूला ठेवा. रात्रीची जागरणं फार होतात, पाळ्या लावल्या नाहीत तर सगळे एकदमच आडवे होतात. आणि फॅमिली डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा की शेवटी घरी येऊन तपासून सर्टिफिकेट देणार का, नाहीतर त्या रात्री धावपळ होते.

सगळ्यात अवघड गेलं ते मॉर्फिन, म्हणजे जबरदस्त दुखण्यावरचं औषध. परळच्या टाटा हॉस्पिटलमधून गोळ्या मिळाल्या, दर चार तासांनी. आईला वाटायचं की हे देऊन आपण त्यांना हळूहळू झोपवतोय, एका रात्री तिने गोळी दिलीच नाही आणि पप्पा पहाटेपर्यंत कण्हत होते. सकाळी फादर आले. ते म्हणाले की एकाच कृतीचे दोन परिणाम असतात, तुम्ही दुखणं कमी व्हावं म्हणून देताय, मरावं म्हणून नाही, आणि त्यातून आयुष्य थोडं कमी झालंच तरी तो तुमचा हेतू नाही. हा विचार संत थॉमस अक्विनसपर्यंत मागे जातो, आणि वेदनाशामकाबद्दल पायस बारावे यांनी १९५७च्याच फेब्रुवारीत स्पष्ट सांगितलंय. आम्हाला तर उलटंच दिसलं, दुखणं थांबल्यावर पप्पा दोन घास जास्त खायला लागले, माणसांशी बोलायला लागले.

एका ठिकाणी मात्र घाई करू नका, ती म्हणजे अन्न-पाणी. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी म्हटलं होतं की नळीने दिलेलं अन्न-पाणीसुद्धा तत्त्वतः साधारण काळजीतच येतं, औषधोपचारात नाही. शरीर ते घेईनासं झालं की गोष्ट वेगळी. आमच्याकडे शेवटचे तीन दिवस फक्त ओठ ओले करत होतो, ते डॉक्टरांनी बघून सांगितल्यावर. हेच पोप स्वतः २००५ मध्ये शेवटी परत हॉस्पिटलला गेले नाहीत, व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच राहिले, हे भावाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा फोनवर गप्प बसला.

कायद्याचंही थोडं. २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत हे माणसाने आधीच लिहून ठेवणं) मान्यता आली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण एकदा लावलेला व्हेंटिलेटर काढायचा तर हॉस्पिटलची दोन वैद्यकीय मंडळं लागतात. न लावणं आणि काढणं यात नैतिकदृष्ट्या फरक नाही असं धर्मपंडित म्हणतात, प्रत्यक्षात मात्र काढणं खूप जड जातं, म्हणून लावायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासात नीट विचार करा.

घरी जागा किंवा माणसं नसतील तर बांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या कुठल्याही धर्माच्या माणसासाठी, विनामूल्य. नन्स बघतात. आम्ही चौकशी करून ठेवली होती, लागलं नाही.

तुमच्या घरचं तुम्हीच ठरवा, आजार वेगळा, माणसं वेगळी, आणि कोणी आयसीयू निवडला म्हणून त्यांचा विश्वास कमी असं मी कधीच म्हणणार नाही. भाऊ आजही म्हणतो की अजून एक आठवडा मिळाला असता कदाचित. असेलही. मला मात्र परत निवडायला लावलं तर मी घरच निवडेन, आणि दोन दिवस आधी निवडेन. शेवटच्या शनिवारी फादरांनी तेल लावलं, ख्रिस्तप्रसादाचा बारीकसा तुकडा दिला, आणि पप्पांचा हात कपाळापर्यंत गेला, मग छातीपर्यंत. खांद्यांपर्यंत पोचला नाही, ते आईने त्यांचा हात धरून पूर्ण केलं.

गेल्या वर्षी आईने स्वतःचं लिव्हिंग विल केलं. वकिलांनी छापील मजकूर आणला होता, तिने तो ऐकून घेतला आणि खाली एक ओळ स्वतःची घालायला लावली, माझे हात बांधू नयेत. वकील म्हणाले अशी ओळ कोणी घालत नाही. तरी घातली. एक प्रत तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, एक माझ्याकडे आणि एक कुवेतला.