इलेक्ट्रिक मोटरसायकल: चौदा महिने, ११,४०० किलोमीटर आणि मध्येच आलेला बॅटरी रिकॉल

वापर पुण्यातला. रोज पंचवीस-तीस किलोमीटर, बहुतेक वेळा एकटा स्वार, मध्ये एक पूर्ण पावसाळा. बॅटरी फिक्स आहे, काढून घरात नेता येत नाही. पॅक ७२ व्होल्ट, ५० अँपिअर-अवर, म्हणजे ३.६ किलोवॅट-अवरचा. आत २१७०० आकाराचे (२१ मिमी जाड, ७० मिमी लांब) एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे लिथियम-आयन सेल आहेत, दहा-दहा सेल समांतर जोडलेले वीस गट, एकूण २०० सेल. कंपनीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. नाव आलं की सगळं बोलणं ब्रँडवर जातं आणि बॅटरीत काय तपासायचं ते राहून जातं.

गाडीबद्दल थोडक्यात. मोटर आणि कंट्रोलरने एकदाही त्रास दिला नाही. मागचं टायर नऊ हजाराला बदललं, पुढचे ब्रेक पॅड अजून आहेत. शून्यापासून पूर्ण चार्जला मीटरवर चार युनिटच्या आसपास पडतात, कारण चार्जरमध्ये आणि बॅटरीत मिळून दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते. नवीन असताना शहरात १०५ किलोमीटर सहज मिळायचे.

आठव्या महिन्यात तेच ८५ वर आले. शिवाय स्क्रीनवर २० टक्के दिसत असताना गाडी बंद पडायला लागली. अशा वेळी सर्व्हिस सेंटरवर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘थंडीमुळे होतं’ किंवा ‘सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या’. ते लगेच मान्य करू नये. पुण्याच्या थंडीने रेंज थोडी कमी होते, पण एक पंचमांश जात नाही. त्यांच्या लॅपटॉपवर बीएमएसचं (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं) पान उघडायला लावून वीसही गटांचे व्होल्टेज वेगवेगळे पाहावेत आणि त्याचा फोटो घ्यावा. एकूण व्होल्टेजवरून काहीच कळत नाही.

हे आकडे तीन वेळा घ्यायचे: पूर्ण चार्ज झाल्यावर गाडी उभी असताना, त्याच चार्जवर जोरात पिकअप घेताना, आणि २५ टक्क्यांच्या आसपास गाडी अर्धा तास उभी ठेवल्यावर. दोष कुठे आहे ते या तीन आकड्यांवरून बऱ्यापैकी कळतं. गटांमधला फरक फक्त लोडखाली (पिकअप घेताना) दिसत असेल आणि थांबल्यावर नाहीसा होत असेल, तर गटांना जोडणाऱ्या पट्टीचा सांधा सैल आहे. पूर्ण चार्जला सगळे गट सारखे, पण चार्ज उतरत जाईल तसा एकच गट मागे पडतो आणि लोडखालीही तोच जास्त खाली जातो, तर त्या गटातले काही सेल जोडणीतून सुटले आहेत. आणि गाडी आठवडाभर न वापरता नुसती उभी असताना एखाद्या गटाचं व्होल्टेज घसरत असेल, तर सेल आतल्या आत डिस्चार्ज होतो आहे. हा तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण त्यामागे सेलच्या आत सुरू झालेलं शॉर्ट सर्किट असू शकतं. तसं दिसलं तर गाडी चार्जला लावूच नये.

या पॅकमध्ये दुसरा प्रकार होता. पूर्ण चार्जला सगळ्यांत मिळून फरक ६ मिलिव्होल्ट, म्हणजे उत्तम. पण ६० अँपिअर ओढताना १३ नंबरचा गट बाकीच्यांपेक्षा ४० मिलिव्होल्ट खाली जात होता. हिशोब सोपा आहे. एका सेलचा अंतर्गत रोध साधारण २५ मिलिओहम धरला, तर दहा सेलच्या गटाचा अडीच मिलिओहम होतो आणि ६० अँपिअरला १५० मिलिव्होल्ट पडतात. दोन सेल सुटले की उरलेल्या आठांचा रोध ३.१ मिलिओहम होतो आणि घट १८७ वर जाते. फरक सदतीस. मोजलेल्या चाळीसशी हे जुळतं.

दोनशे सेलपैकी दोन म्हणजे एक टक्का, पण पॅक एका टक्क्याने लहान होत नाही. गट एकामागे एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यात दुबळा गट संपला की बीएमएस सगळाच पॅक तोडतो. १३ नंबरच्या गटात ५० ऐवजी ४० अँपिअर-अवर उरले, म्हणून पूर्ण पॅकच ४० चा झाला. टक्के मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी तो अजून ५० चाच असतो, म्हणून २० टक्के ‘शिल्लक’ असताना गाडी बंद पडते. रेंज गेली हा यातला लहान तोटा. उरलेल्या आठ सेलमधून प्रत्येकी पंचवीस टक्के जास्त करंट जातो, ते जास्त तापतात आणि लवकर म्हातारे होतात. पूर्ण तुटलेल्या वेल्डपेक्षा अर्धवट धरलेलं वेल्ड वाईट. प्रत्येक खड्ड्याला ते सुटतं-जुळतं, तिथे ठिणगी पडते, आणि ही जागा असते सेलच्या धन टोकाशी, जिथे टोपी आणि ऋण डबा यांच्यामध्ये गॅस्केटचं फक्त एक पातळ कडं असतं.

नवव्या महिन्यात कंपनीकडून रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावल्याचा, मेसेज आला. या मेसेजसाठी कंपनीचं मनापासून कौतुक करायला हवं, कारण त्यात नुसतं ‘तपासणीसाठी गाडी आणा’ असं नव्हतं. पॅकच्या सिरियल नंबरची सुरुवात आणि शेवट दिला होता, उत्पादनाचे आठवडे दिले होते आणि कारणही दिलं होतं: लेझर वेल्डिंगच्या एका स्टेशनवर पट्टी सेलवर दाबून धरणारा क्लॅम्प झिजला होता. पट्टी आणि सेल यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी लेझर पट्टी वितळवतो, पण ती सेलला घट्ट धरत नाही. वरून पाहिलं तर टाका छान गोल दिसतो.

कारखान्यातून निघताना हे पकडलं का गेलं नाही? कारण शेवटच्या टेस्टला पॅक एकदा चार्ज-डिस्चार्ज करतात आणि एकूण रोध मोजतात. कच्चं वेल्ड पहिल्या दिवशी करंट व्यवस्थित वाहून नेतं, सुटतं ते काही हजार किलोमीटरच्या हादऱ्यांनी. हा दोष पकडायचा तर तो स्टेशनवरच पकडावा लागतो. प्रत्येक शिफ्टला नमुन्याचे टाके ओढून तोडून पाहायचे, प्रत्येक टाक्याचा रोध मायक्रोओहममध्ये नोंदवायचा आणि क्लॅम्पला आयुष्य ठरवून द्यायचं, इतके हजार पॅक झाले की बदलायचाच. यात महागडं तंत्रज्ञान काहीच नाही, रोजची शिस्त आहे. ती ढासळली की पहिला बळी क्लॅम्प बदलण्याच्या तारखेचा जातो.

रिकॉल आला म्हणून कंपनी वाईट, असं समजू नये. रिकॉल किती नेमका आहे, ते पाहावं. एप्रिल २०२२ मध्ये देशात इलेक्ट्रिक दुचाकींचे तीन रिकॉल पाठोपाठ आले होते: ओकिनावाचा ३,२१५ गाड्यांचा, प्युअर ईव्हीचा २,००० चा आणि ओलाचा १,४४१ चा. पुण्यात लोहगावला स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ त्याआधी मार्चअखेरीस सगळीकडे फिरला होता. ओकिनावाच्या रिकॉलमध्ये सैल कनेक्टर आणि बॅटरीचं नुकसान तपासायचं होतं. दुसऱ्या टोकाचं उदाहरण हार्ले-डेव्हिडसनच्या लाइव्हवायर या इलेक्ट्रिक मोटरसायकलचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेवटच्या क्वालिटी तपासणीत काहीतरी वेगळं आढळलं म्हणून त्यांनी उत्पादन आणि डिलिव्हरी थांबवली आणि ग्राहकांना घरी चार्ज न करता डीलरकडेच चार्ज करायला सांगितलं. आणि सेलच्या आतल्या दोषाने काय होतं, ते २०२१ ने चारचाकींत दाखवलं. शेव्हरोले बोल्टमध्ये एकाच सेलमध्ये फाटलेली अ‍ॅनोड टॅब (ऋण बाजूची जोडपट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (धन-ऋण बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ पडदा) असे दोन दोष एकत्र आले की आगीचा धोका वाढत होता. वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक गाड्यांपुरता वाटलेला प्रश्न शेवटी बनलेल्या सगळ्या बोल्टपर्यंत, सुमारे १,४२,००० गाड्यांपर्यंत गेला. कोणत्या सेलमध्ये दोष आहे हे खात्रीने सांगता आलं नाही की असं होतं.

म्हणून नवीन गाडी घेताना रेंजच्या आधी हे विचारा: ‘या पॅकमधले सेल कोणत्या बॅचचे आहेत, हे तुम्हाला सिरियल नंबरवरून सांगता येतं का?’ ज्याला सांगता येतं त्याला उद्या नऊशे गाड्या बोलावता येतात. ज्याला येत नाही तो एक तर सगळ्या बोलावतो, नाहीतर गप्प बसतो. २०२२ च्या आगींनंतर एआयएस-१५६ या इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकामध्ये जी दुरुस्ती झाली, तिचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सेलचा माग लागणं, एक सेल पेटला तरी आग पॅकबाहेर येऊ न देणं, चार्जरने अतिडिस्चार्ज झालेली बॅटरी आणि अर्थ लीकेज ओळखणं, हे सगळं त्यातलंच. सेकंडहँड गाडी पाहत असाल तर पॅकवरची उत्पादनाची तारीख मार्च २०२३ नंतरची आहे का, ते आधी बघा.

कायद्याचा आधारही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११० अ कलमाखालचे रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्या त्यात येतात, आणि सक्तीचा रिकॉल झाला तर कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून तक्रार फोनवर न करता लेखी करावी आणि आकड्यांचे फोटो जोडावेत.

रिकॉलमध्ये बदलून मिळणारा पॅक यायला साडेतीन आठवडे लागले. तेवढ्या काळात चार्ज ८० टक्क्यांपुरता, तोही दिवसा, कोणीतरी जागं असताना आणि उघड्यावर. सोसायटीत जिन्याखालचा सॉकेट सोयीचा असतो, पण वरच्या मजल्यांवरच्या लोकांना बाहेर पडायला तोच एक रस्ता असतो. शंका असलेली बॅटरी तिथे कधीही लावू नये. सॉकेटचं अर्थिंगही मल्टिमीटरने पाहून घ्यावं: फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये अर्थची वायर कित्येकदा फक्त सॉकेटपर्यंतच असते, पुढे कुठेच गेलेली नसते.

पॅक बदलून मिळताना जॉब कार्डवर नवा सिरियल नंबर लिहून घ्या. मिळालेला पॅक म्हणजे एखादा जुना पॅक उघडून दुरुस्त केलेला नाही, हेही लिहून घ्या. उघडलेल्या पॅकचं गॅस्केट बदलून हवेच्या दाबाने लीक टेस्ट केली नाही तर आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) फक्त स्टिकरवर उरतं. वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच उरलेली चालू राहते, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. इथे जुनीच चालू राहिली. हे चुकीचं आहे. दोष कारखान्याचा असताना ग्राहकाच्या वॉरंटीचे महिने का जावेत?

रोजच्या वापरात दोन गोष्टी पाळण्यासारख्या. उन्हाळ्यात गाडी आल्या आल्या चार्जला न लावता अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी. आणि एरवी ८० टक्क्यांवर थांबलात तरी पंधरा दिवसांतून एकदा १०० टक्के करून पुढे चार-पाच तास प्लग तसाच ठेवावा. बीएमएस गट समान करतो तो १०० मिलिअँपिअरच्या आसपासच्या करंटने, म्हणजे ५० अँपिअर-अवरच्या पॅकमधला एक टक्का फरक भरून काढायला पाच तास लागतात. हे अर्थातच निरोगी पॅकसाठी. धुताना प्रेशर वॉशरची धार पॅकच्या कडेवर आणि हवा जाण्याच्या छोट्या व्हेंटवर मारू देऊ नका. आयपी६७ ची टेस्ट एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास अशी असते, जवळून मारलेल्या धारेची नसते.

नव्या पॅकला चार महिने झाले. रेंज पुन्हा १०३-१०५. गटांमधला फरक पूर्ण चार्जला ५ मिलिव्होल्ट, जोराच्या पिकअपला ११, आणि २५ टक्क्यांवर उभ्या गाडीत १४. दर दोन महिन्यांनी तीनही नोंदी घेणं चालू आहे. शेवटचा आकडा ३० च्या वर गेला तर रिकॉलच्या मेसेजची वाट न पाहता गाडी सर्व्हिस सेंटरला जाईल.