ऑरजेसन : खाजनातल्या आकड्यांवर काही महिने वापरल्यानंतर

पर्वरीच्या आमच्या छोट्या ऑफिसात खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या) मानशींवरचे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांवरचे, आकडे येतात: पाण्याची पातळी, क्षारता, तापमान, बॅटरीचा व्होल्टेज. दर १५ मिनिटांनी एक नोंद, म्हणजे एका मानशीच्या दिवसाला ९६ ओळी आणि ४ रकाने. पायथनमध्ये हे नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या फ्लोट ३२ अ‍ॅरेत, म्हणजे ३२ बिटांच्या दशांश आकड्यांच्या कोष्टकात, असतं आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवरच्या पानाला जेसन, म्हणजे वेबवर डेटा पाठवायचा मजकुराचा साचा, लागतं. मधलं रूपांतर पावसाळ्याच्या आधीपासून ऑरजेसन ही पायथनची लायब्ररी करतेय.

त्याआधी पायथनचं स्वतःचं जेसन मॉड्यूल होतं. त्याला नमपायचा अ‍ॅरे दिला की ते सरळ टाइपएरर देतं. गंमत म्हणजे नमपायचा सुटा फ्लोट ६४ (६४ बिटांचा) आकडा त्याला चालतो, कारण तो पायथनच्या फ्लोटचाच वंशज. फ्लोट ३२ किंवा इंट ६४ (पूर्णांक) मात्र चालत नाही. म्हणून लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा कोड सेन्सरचा खरा डेटा आला की आडवा होतो. यावर सगळे सांगतात तो उपाय टूलिस्ट, म्हणजे अ‍ॅरेची पायथनची साधी यादी करणं. चालतो, पण त्याची शेपटी लांब असते. २७.३ ही क्षारता फ्लोट ३२ मधून टूलिस्टने काढली की जेसनमध्ये २७.२९९९९९२३७०६०५४७ असं उतरतं. दिवाडीच्या एका काकांनी मोबाइल पुढे करून विचारलं, ‘‘बाबा, इतले आंकडे कित्याक? उदक खारें काय गोडें तें सांग.’’

ऑरजेसनला नमपायचा पर्याय चालू करून तोच अ‍ॅरे दिला की २७.३ येतं. ते फ्लोट ३२ ला फ्लोट ३२ म्हणूनच छापतं, आधी दुप्पट रुंद (६४ बिटांचा) करत नाही. वेगाचं सगळीकडे कौतुक असतं आणि तो आहेच, लायब्ररी रस्टमध्ये लिहिलेली आहे. पण ९६ ओळींना वेग कशाला हवा? माझ्याकडे ती टिकली ती या आकड्यांमुळे.

आता खोच. आलेखाला डेटा रकान्यानुसार हवा असतो, म्हणून आम्ही अ‍ॅरे ट्रान्सपोज करतो, म्हणजे ओळींचे रकाने करतो. ट्रान्सपोज केलेला अ‍ॅरे मेमरीत सलग राहत नाही, आणि ऑरजेसनला सलगच लागतो. नसेल तर ते डिफॉल्ट फंक्शनकडे, म्हणजे न जमलेल्या गोष्टीचं काय करायचं ते आपण लिहून देतो त्याकडे, बोट दाखवतं. तिथे बहुतेक जण टूलिस्ट लिहून मोकळे होतात. एरर जाते आणि ती लांब शेपटी गुपचूप परत येते. एकाच पानावर कोष्टकात २७.३ आणि आलेखावर बोट ठेवलं की सतरा अंकी आकडा, असा प्रकार दिसला तर इथे बघा. एकच रकाना कापून घेतला तरी हेच होतं. अ‍ॅरे पुन्हा सलग करणारं नमपायचं अ‍ॅज-कंटिग्युअस-अ‍ॅरे आधी लावलं की प्रश्न मिटतो. डिफॉल्ट मी मुद्दाम रिकामं ठेवलंय. काही बिनसलं तर ओरडलेलं बरं.

पावसात लाइट गेली, नेटवर्क गेलं की नोंदींच्या जागी नॅन (‘हा आकडा नाही’ अशी खूण) येतात. जुनं मॉड्यूल जेसनमध्ये ‘नॅन’ असंच लिहून टाकतं. जेसनच्या नियमात ते बसत नाही, ब्राउझर अख्खा मजकूर नाकारतो आणि एका हुकलेल्या नोंदीपायी दिवसभराचा आलेख कोरा. ऑरजेसन तिथे नल, म्हणजे ‘काही नाही’, लिहितं, आलेखात तेवढी फट दिसते. छान. पण अनंत आलं तरी नलच लिहितं, आणि तेही न सांगता. सेन्सर बंद होता की आमच्या सूत्रात शून्याने भागाकार झाला, हे पलीकडे कळायला मार्ग नाही. ही मला खरी उणीव वाटते. आता प्रत्येक अ‍ॅरेसोबत स्थिती सांगणारा एक छोटा इंट ८ अ‍ॅरे जातो.

वेळेचं प्रकरण गोव्यात जास्तच झोंबतं. नमपायच्या डेटटाइम ६४ या प्रकारातली वेळ ऑरजेसन मजकुरात लिहितं, पण सांगितल्याशिवाय टाइमझोन जोडत नाही. आपली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि ब्राउझर ती स्थानिक समजणार, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. इथे दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात, तेव्हा भरतीच्या जागी जवळपास ओहोटीच दिसते. मानशीची दारं कधी लावायची ते याच पानावर बघणाऱ्या माणसाला हे चालेल का? नाइव्ह यूटीसी हा पर्याय चालू ठेवला की वेळेमागे शून्य ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) लागतो. तो आधीपासूनच चालू असायला हवा होता असं माझं मत.

बाकी बारीकसारीक: उत्तर स्ट्रिंग नसून बाइट्समध्ये येतं, तेव्हा फाइल बायनरी मोडमध्ये उघडा. इंडेंट दोनच स्पेसचा.

साठवणीसाठी मात्र हे वापरू नका. जेसनला अ‍ॅरेचा प्रकार कळत नाही, आकारही धड कळत नाही. शून्य ओळी आणि ४ रकान्यांचा अ‍ॅरे नुसता रिकामा कंस होऊन बसतो. बंद पडलेल्या मानशीचा महिना परत वाचला तर रकाने किती होते तेच सापडत नाही. दिवसाचा अख्खा अ‍ॅरे फ्लोट ३२ मध्ये १५३६ बाइटचा. तो आम्ही नमपायच्याच एनपीवाय फाइलीत ठेवतो आणि जेसन फक्त पानाने मागितलं की बनवतो.