बोकडाला जंताचं औषध: पाजायचं की टोचायचं?

देवनारच्या बाजारातून बोकड आणला की दोन सल्ले हमखास मिळतात: फेनबेंडॅझोल पाजा, नाहीतर आयव्हरमेक्टिन टोचा. दोन्ही औषधं चांगली, पण एकाचं सगळं काम दुसरं करत नाही.

आधी खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर घाई नाही. पांढरट असेल, जबड्याखाली पाणी भरून सूज आली असेल, तर बहुधा चौथ्या पोटात हिमोन्कस नावाचा जंत रक्त पितोय. हा जंत लेंडीत दिसत नाही, बहुधा जुलाबही होत नाहीत. त्यामुळे लेंडी बांधीव आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची जनावरं जातात. उलट लेंडीवर भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले की धावपळ होते. ते पट्टकृमीचे, वाढलेल्या शेळी-बोकडाला त्यांचा त्रास कमीच.

फेनबेंडॅझोल पट्टकृमीवरही चालतं आणि गाभण शेळीलाही देता येतं. (अल्बेंडॅझोल मात्र गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात टाळा.) घोळ होतो तो मात्रेत. मेंढीला किलोमागे ५ मिलिग्रॅम पुरतं, पण शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिला १० लागतं. मेंढीच्या हिशेबाने पाजलं तर काही जंत जगतात आणि तेच वाढतात. वजन अंदाजाने धरू नका. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, त्याला अंगाच्या लांबीने गुणा, ६६० ने भागा. घेर २७, लांबी २५ असेल तर साधारण २७.६ किलो, २.५ टक्क्यांचं औषध ११ मिली. पाजताना मान आडवी ठेवा, पिचकारी गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे न्या. तोंड वर केलं की औषध फुफ्फुसात जाऊन ठसका लागतो, न्यूमोनियाही होतो.

आयव्हरमेक्टिन पट्टकृमीवर आणि यकृतातल्या चपट्या कृमींवर चालत नाही. पण जनावराला खरूज किंवा रक्त पिणाऱ्या उवाही असतील तर तेच घ्या, आणि ते कातडीखालीच टोचतात. मात्र मांसातून उतरायला त्याला बराच वेळ लागतो. बकरी ईदला दीड महिन्याहून कमी दिवस असतील तर टोचूच नका. फेनबेंडॅझोलनंतरही थांबावं लागतं, पण कमी. दिवस डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

करडू लहान असून पातळ जुलाब होत असतील तर बहुधा कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असतो. त्यावर या दोन्हींचा उपयोग नाही.

गच्चीवर पाला उंच टांगून पाळलेल्या जनावराला दर तीन महिन्यांनी डोस देणं वाया जातं. पावसाळ्यात आठवडाभरात अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात, म्हणून चरणाऱ्यांची पापणी दर पंधरा दिवसांनी बघा.

डोसच्या दिवशी आणि १४ दिवसांनी ताज्या लेंड्या तपासून त्यातली जंतांची अंडी मोजून घ्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर औषधाचा गट बदला. फेनबेंडॅझोलऐवजी अल्बेंडॅझोल देणं म्हणजे बदल नव्हे. दोन्ही एकाच गटातली आहेत.