काचेची दर्शनी भिंत: जागेवर जोडलेली की कारखान्यातून आलेली?

सांगलीत तीन-चार मजली सरकारी इमारतीला काचेचा दर्शनी भाग द्यायचा, तर ‘स्टिक’ की ‘युनिटाइज्ड’ हा प्रश्न येतोच.

स्टिकमध्ये ॲल्युमिनियमचे उभे-आडवे सेक्शन जागेवर जोडून मग काच बसवतात. खर्च कमी, आणि स्लॅबची कड थोडी बाहेर आली असेल (येतेच!) तर सांभाळून घेता येतं. पण सगळी भिस्त मिस्त्रीच्या हातावर. काचेच्या कडेला नुसती धूळ राहिली तरी सिलिकॉन (फटी बुजवणारा चिकट लेप) नीट धरत नाही. पहिल्याच पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो.

युनिटाइज्डमध्ये मजल्याएवढं पॅनल काचेसकट कारखान्यातून येतं, क्रेनने टांगायचं. सिलिकॉन बंद शेडमध्ये वाळलेलं, त्यामुळे गळती कमी. उंच टॉवरला ते परवडतं. मात्र पॅनल शेजारच्यांत अडकलेली असतात. मधलंच एखादं काढायचं म्हणजे डोकेदुखी.

इथे मी स्टिकच घेईन, पण प्रेशर प्लेट (काच बाहेरून दाबून धरणारी धातूची पट्टी) आणि रबर गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) असलेलं. पश्चिमेला काच बेतानेच.

तळमजल्याला दोन्ही नकोत. २०१९ च्या पुरात इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. तळमजल्याला काळ्या दगडाचं बांधकामच बरं.